टक् किती वेळा होतं ते आधी मोजा

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या जांबोटीच्या बाजूच्या एका गावातून आला आहे. थोरल्या मुलीला आठवीत शाळेतून मिळालेली सायकल ती कॉलेजला गेल्यापासून तीन वर्षं पडवीत उभी आहे. आता धाकट्याला रोज चार किलोमीटर शाळेला जायचंय. पॅडल मारलं की टक् टक् वाजतं. मागचं चाक डुलतं आणि ब्रेकला घासतं. पंक्चर नसताना हवा दोन दिवसांत उतरते. चेन गंजली आहे आणि मधेच उतरते. दुकानदार म्हणाला, बॉटम (दोन्ही पॅडलच्या मधला एक्सल आणि त्याची छर्ऱ्यांची बैठक), चाक, चेन सगळं बदला, नाहीतर भंगारात घाला. घरी यातलं काय काय जमेल आणि हत्यारं कोणती घ्यावीत, असं वडिलांनी विचारलं आहे.

सायकल भंगारात घालू नका. मी बेळगावला उद्यमबागेतल्या कारखान्यात बावीस वर्षं लेथवर होतो आणि त्यानंतर चौदा वर्षं वडगावात सायकल दुरुस्तीच करतोय. तुम्ही सांगितलेल्या चारही तक्रारी पडून राहिलेल्या सायकलीच्या नेहमीच्या तक्रारी आहेत. फ्रेम आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) धड असतील, तर यातलं बहुतेक काम तुमच्या अंगणात होईल. फक्त एक करा. पाना हातात घेण्याआधी सायकल वाजते कशी ते नीट ऐका. ज्या दुकानात न ऐकता सगळं बदलायला सांगतात, तिथं तुमचे पैसे आवाज शोधण्यात न जाता नवे पार्ट घेण्यात जातात.

सपाट रस्त्यावर पोराला सायकल चालवायला लावा आणि तुम्ही शेजारून चाला. पॅडलच्या दहा फेऱ्या मोजा आणि त्यात टक् किती वेळा झालं ते मोजा. फेरीला बरोबर एकदा आवाज आला, तर दोष पॅडल, क्रँक (पॅडलचा दांडा), कॉटर किंवा बॉटमच्या एक्सलमध्ये आहे. पुढच्या चक्राला ४४ आणि मागच्या चाकावरच्या छोट्या चक्राला, म्हणजे फ्रीव्हीलला, १८ दाते असले, तर पॅडलच्या एका फेरीत मागचं चाक जवळपास अडीच वेळा फिरतं. म्हणजे दहा फेऱ्यांत चोवीस-पंचवीस वेळा वाजलं, तर चाक तपासा. चेनचं याच्या उलट असतं. चेनची कडी फिरून परत त्याच जागी यायला पॅडलच्या साधारण सव्वादोन-अडीच फेऱ्या लागतात. एखादी कडी आखडली असेल, तर दहा फेऱ्यांत चारच वेळा आवाज येईल. दाते तुमच्या सायकलीवर स्वतः मोजा, आकडा थोडा इकडेतिकडे होईल. शेवटी पॅडल थांबवून सायकल नुसती पळू द्या. तरीही वाजत राहिलं, तर बॉटमला हात लावायचं कारणच नाही.

तुमच्या वर्णनावरून आवाज फेरीला एकदाच येत असावा, म्हणून आधी कॉटर बघा. कॉटर म्हणजे क्रँक आणि एक्सल यांना जखडणारी निमुळती खीळ. तिची एक बाजू सपाट घासलेली असते आणि ती एक्सलच्या सपाट खाचेवर पाचरीसारखी बसते. टक् डावा पाय खाली जाताना येत असेल, तर संशय आणखी पक्का होतो. उजव्या पायाचा जोर उजव्या क्रँकमधून सरळ चक्रावर जातो. डाव्या पायाचा जोर मात्र डाव्या कॉटरमधून एक्सलमध्ये, एक्सलमधून उजव्या कॉटरमध्ये आणि मग चक्रावर जातो. दोन्ही कॉटरना खरं ओझं डाव्या पायाचंच बसतं.

तपासायची रीत सोपी आहे. दोन्ही क्रँक जमिनीला समांतर आणा. सायकलीला कमरेनं टेकून उभं राहा आणि दोन्ही हातांनी दोन्ही पॅडल एकदम जोरात खाली दाबा. मग क्रँक अर्धी फेरी फिरवा आणि परत तसंच दाबा. कॉटर ढिला असेल, तर दुसऱ्या वेळी एक क्रँक तळहाताला जाणवेल एवढा खचकन हलतो.

आता कॉटर काढणं. इथं घाई केली की नुकसान होतं, म्हणून सविस्तर सांगतो. आदल्या रात्री कॉटरच्या दोन्ही टोकांना डिझेल सोडून ठेवा. सकाळी नट ढिला करा, पण काढू नका. नटाचा वरचा काठ आणि आट्याचं टोक एका पातळीत येईल एवढाच फिरवा, म्हणजे हातोडी बसली तरी आटे चेपत नाहीत. मग एक-दीड इंची लोखंडी पाइपचा तुकडा घ्या. तो जमिनीवर उभा केला की वरचं तोंड बरोबर क्रँकच्या खालच्या बाजूला टेकलं पाहिजे आणि कॉटरचं जाड डोकं पाइपच्या पोकळीत आलं पाहिजे. थोडा कमी पडला तर खाली फळीचा तुकडा सारा. आता नटावर हातोडीचा एकच दणका, सरळ आणि पूर्ण जोरानं. वीस हळू ठोक्यांनी कॉटर वाकतो आणि आतच फुगून बसतो.

पाइप का, ते मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. दुकान नवीन असताना एका शाळकरी मुलीच्या सायकलीचा कॉटर आधार न देता ठोकला होता. सगळा मार बॉटमच्या छर्ऱ्यांमधून ते ज्यात फिरतात त्या कपावर गेला. कॉटर निघाला, पण कपात खड्डे पडले, आणि दहा मिनिटांच्या कामासाठी मला माझ्या पैशानं पूर्ण बॉटम घालून द्यावा लागला. तेव्हापासून पाइपचा तो तुकडा दुकानात हातोडीच्या शेजारीच टांगलेला असतो.

कॉटर हातात आला की त्याची सपाट बाजू उन्हात धरून बघा. चांगला कॉटर सगळीकडे सारखा घासलेला दिसतो. ढिला चाललेल्या कॉटरवर नखाला लागेल अशी पायरी पडलेली असते. पायरी असेल तर तो टाकून द्या आणि दोन्ही बाजूंचे नवे घ्या. दुकानात जुना कॉटर बरोबर न्या, कारण जाडीत अर्ध्या मिलिमीटरचाही फरक चालत नाही. नवा घालून बघितल्यावर नटाच्या बाजूला आटे नीट बाहेर येत नसतील, तर सपाट बाजूवर कानस मारा. कानस आडवी आणि सपाट धरा. दोन-चार हात मारले की परत घालून बघा. एकदम जास्त घासलं की कॉटर वाया जातो. दोन्ही कॉटर एकमेकांच्या उलट दिशेनं घालायचे. डावा क्रँक पुढं केल्यावर त्याचा नट जसा दिसतो, तसाच उजवा क्रँक पुढं केल्यावर उजवा नट दिसला पाहिजे. दोन्ही एकाच दिशेनं घातले, तर क्रँक एका रेषेत येत नाहीत आणि पोराला पॅडल मारताना लंगडल्यासारखं होतं.

घालताना पाइपचा आधार पुन्हा द्या, या वेळी आट्याच्या बाजूनं. जाड डोक्यावर ठोकून कॉटर गच्च बसवा आणि मग नट आवळा. नट कॉटरला ओढून बसवायला नसतो, बसलेला कॉटर मागं सरकू नये म्हणून असतो. नटानं ओढायला गेलात की आटे मरतात. दोन-तीन किलोमीटर चालवून आणल्यावर परत एक दणका आणि परत नट. नव्या कॉटरची धातू दबते, त्यामुळं हा दुसरा दणका चुकवला की आठवड्यात टक् परत येतं.

कॉटर चांगला निघाला, तर पॅडल हातानं फिरवून बघा, मग बॉटम. क्रँकचं टोक धरून आडवं हलवा. एक्सल डावीकडं उजवीकडं खेळत असेल तर डाव्या बाजूची लॉक रिंग सोडून कप थोडा आवळा आणि रिंग परत घट्ट करा. क्रँक जड फिरत असेल किंवा आत खरखर असेल, तर पाणी गेलेलं आहे. तुमच्याकडं ते जाणारच. मलप्रभा जिथं उगवते त्या कणकुंबीच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर पाऊस कसा ओततो ते तुम्हाला मी काय सांगायचं. सीटच्या नळीतून आत गेलेलं पाणी थेट बॉटममध्ये उतरतं आणि तिथंच साचतं. डाव्या बाजूनं कप काढून एक्सल बाहेर घ्या, छर्रे एका ताटलीत काढा, आतली सगळी जुनी घाण डिझेलनं धुवा आणि कापडानं कोरडी करा. पाव इंची छर्रे लागतात, एका बाजूला अकरा. जुने परत घालू नका. एखादा झिजलेला छर्रा बाकीच्यांनाही खातो, आणि नवे फार महाग नसतात. कपात भरपूर ग्रीस भरा आणि छर्रे त्यात एकेक करून चिकटवा. उजव्या कपाला मात्र हात लावू नका. त्याचे आटे उलटे असतात आणि तो गच्च बसलेला असतो. तो बदलायची वेळ आली तर सायकल दुकानात न्या. डाव्या पॅडलचेही आटे उलटेच असतात. पॅडल काढताना दोन्हीकडं पाना वर उभा धरून सायकलीच्या मागच्या दिशेला फिरवायचा, एवढं लक्षात ठेवलं की आटे मरत नाहीत.

हवेचं काम सगळ्यात सोपं. पंक्चर नसताना दोन दिवसांत हवा उतरते याचा अर्थ बहुतेक वेळा वालट्यूब मेली आहे. व्हॉल्व्हच्या खिळीवर चढवलेली ती बारीक रबरी नळी उन्हानं आणि वर्षांनी कडक होते आणि तिला चिरा पडतात. हवा मारून व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचा थेंब लावा. बुडबुडा आला की दोष तिथंच. नवी नळी पाण्यात भिजवून खिळीवर भोकाच्या खालपर्यंत ओढा. तेल लावू नका, तेलानं रबर फुगतं. बुडबुडा नाही आला, तर ट्यूब काढून घमेल्यात बुडवून बघा. छिद्र सापडलं की पंक्चर काढण्याआधी टायरच्या आतून सगळीकडं बोट फिरवा, बाभळीचा काटा किंवा सराटा अजून आत असेल. सोल्युशन लावल्यावर ते बोटाला चिकटणं बंद होईपर्यंत थांबा. घाईत ओल्यावर चिकटवलेला तुकडा पहिल्याच उन्हात निघतो.

हवेवरून आठवलं. माझ्या दुकानात निम्मी गिऱ्हाइकं 'हवा मारा' म्हणत येतात आणि निम्मी कन्नडमध्ये 'गाळी हाक्री' म्हणत येतात. दुकानातल्या पोराला मी पहिले आठ दिवस दोन्ही भाषांत सायकलीचे पार्ट म्हणायला लावतो. पाना, चेन, रिम, फ्रीव्हील ही नावं दोन्हीकडं सारखीच, त्यामुळं त्याला ते लवकर जमतं. बेळगावला सायकलीचं हे वेड जुनं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी भावाबरोबर १८८८ मध्ये इथंच सायकलींचं दुकान काढलं होतं, विक्रीचं आणि दुरुस्तीचं. लोखंडी नांगर नंतर आला, आणि किर्लोस्करवाडी तर १९१० मधली. किर्लोस्कर रोडवरून जाताना मला नांगराआधी ते दुकान आठवतं.

आता चाक. मागचं चाक डुलतंय, म्हणजे एक तर हबमध्ये (चाकाच्या मधल्या तुंब्यात) खेळ आहे, नाहीतर रिम आउट, म्हणजे वाकडा, आहे. हे दोन वेगळे रोग आहेत. टायर धरून चाक आडवं हलवा. फ्रेम स्थिर राहून चाक खटखटलं, तर हबचा कोन, म्हणजे छर्ऱ्यांना दाबून धरणारा आतला नट, आवळायला हवा. कोन एकदम गच्च करू नका, बाहेरचा नट आवळताना तो आणखी थोडा घट्ट होतो, म्हणून आधी केसभर ढिला ठेवा. पुढच्या चाकाची जुनी परीक्षा अशी: सायकल वर उचलून चाक हळूच सोडा. व्हॉल्व्हच्या वजनानं चाक आपोआप फिरून व्हॉल्व्ह तळाला येऊन थांबला, तर छर्रे मोकळे आहेत.

रिम आउट असेल तर सायकल उलटी करून हँडल आणि सीटवर उभी करा. फ्रेमला खडूचा तुकडा टेकवून धरा आणि चाक हळू फिरवा. रिम जिथं बाहेर येतो तिथं खडूची खूण उठते. उजवीकडं आलेल्या जागी डाव्या बाजूच्या दोन स्पोक पाव फेरी आवळा आणि उजव्या दोन पाव फेरी ढिल्या करा. पाव फेरी म्हणजे पावच. अर्धी फेरी मारून लवकर होईल असं वाटतं, पण मग रिम दुसऱ्या बाजूला जातो आणि दुपार त्यातच जाते. निपल (स्पोकच्या रिमकडच्या टोकाचा बारीक नट) कुठल्या बाजूला फिरवायचं यात भले भले चुकतात. उलट्या सायकलीच्या वरच्या टोकाला, टायरच्या बाजूनं वरून बघत असाल, तर घड्याळाच्या दिशेनं आवळतं. तीच निपल खाली गेल्यावर वरून बघितलं तर दिशा उलटी दिसते. म्हणून काम नेहमी वरच्याच टोकाला करा. निपल गंजून बसली असेल तर डिझेलचा थेंब सोडून रात्रभर थांबा, नाहीतर तिचे कोपरे झिजतात. तीन वर्षं पडवीत उभ्या सायकलीची स्पोक आवळताना तुटलीच, तर फ्रीव्हीलच्या बाजूच्या स्पोकसाठी फ्रीव्हील काढावं लागतं. त्याचं हत्यार घरी असत नाही, ते दुकानातच करून घ्या.

चेनच्या बाबतीत आपल्या भागातली एक सवय मला फार खटकते. गॅरेजमधून काढलेलं जळकं इंजिन ऑईल आणून चेनवर ओतायचं. त्या काळ्या तेलात धातूची बारीक पूड असते. वर खानापूर बाजूची तांबडी माती बसली की दोन्हींचं मिळून इंजिनचे व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखं मिश्रण होतं. चेन चमकते, पण आतून पिना खाल्ल्या जातात. मला अशी चेन आणून देतात आणि म्हणतात, रोज तेल घालतोय तरी झिजली. खोबरेल तेलाचंही तसंच, चार दिवसांनी त्याचा डिंक होतो. अथणी-रायबागकडं माती काळी, ती मडगार्ड आणि टायरच्या मधे अडकून चाकच थांबवते, तिथल्या सायकलींचे रोग वेगळे.

चेन काढताना चेन लॉक, म्हणजे क्लिप असलेली उघडणारी कडी, कुठं आहे ते शोधा. काढलेली चेन डिझेलमध्ये बुडवून ठेवा, ब्रशनं घासा, कापडानं पुसा आणि उन्हात ठेवा. मग मोजा. इंचाची पट्टी घ्या आणि चेन ताणून एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा. शून्यावरची पिन न मोजता, नव्या चेनची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती इंचाच्या आठव्या भागानं पुढं गेली असेल तर चेन संपली. नवीच घाला, आणि फ्रीव्हीलचे दाते वाघनखांसारखे वाकलेले दिसले तर तेही. गंज वरवरचा असेल आणि माप बरोबर असेल, तर तीच चेन अजून चालेल. प्रत्येक कडीत नव्या इंजिन ऑईलचा एकेक थेंब सोडा, पॅडल उलटं फिरवा, अर्धा तास थांबा आणि बाहेरचं सगळं तेल पुसून काढा. तेल आत पाहिजे, बाहेर नको. पावसात आठवड्याला आणि उन्हाळ्यात महिन्याला हे करा. चेन लॉक घालताना क्लिपचं बंद टोक चेन पुढं जाते त्या दिशेला ठेवा, नाहीतर काटकी अडकून क्लिप उडते.

चेन उतरते त्याचं कारण बहुधा ढिलेपणाच. मागच्या एक्सलचे नट सोडून चाक मागं ओढा. मधोमध चेन वर-खाली अर्धा इंच हलली पाहिजे. पॅडल फिरवत चार ठिकाणी बघा, कारण चक्र थोडं वाकडं असतंच. सगळ्यात ताठ जागेला अर्धा इंच ठेवा. चाक फ्रेमच्या मधोमध आहे ना, ते मागून बघून मगच नट आवळा, दोन्ही बाजूंना थोडं थोडं करत.

हत्यारांचं म्हणाल, तर बऱ्याच मापांची भोकं असलेला तो चपटा सायकलचा पाना घेऊ नका. त्यानं नटाचे कोपरे गोल होतात आणि मग कुठल्याच पान्यानं नट निघत नाही. बेळगावला आलात की एक्सलचा नट, कोन आणि कॉटरचा नट खिशात घालून या आणि त्यांच्यावर बसवून बघूनच पाने घ्या. कोनसाठी पातळ पाना वेगळा असतो, तो लागेलच. अर्ध्या किलोची हातोडी, सपाट कानस, स्पोकची चावी आणि लोखंडी पंप, एवढं पुरे. पंप प्लास्टिकचा नको. पाइपचा तुकडा कुठल्याही वेल्डिंगवाल्याकडं मिळेल. आणि एक जुना सुती पंचा, कारण कुठलीही सायकल शेवटी पुसूनच चांगली राहते. गाड्या धुण्याच्या सेंटरवर नेऊन प्रेशरचं पाणी मात्र मारून घेऊ नका, ते ग्रीसच्या मागं जाऊन बसतं.

दुकानात न्यायचं ते फक्त उजवा कप, फ्रीव्हील आणि फोर्क. फोर्क जिथं फ्रेमच्या नळीत शिरतो तिथं रंगाला आडवी चीर दिसली किंवा पुढचं चाक एका बाजूला गेलेलं दिसलं, तर पोराला त्या सायकलीवर बसवू नका. आधी दाखवून घ्या.

हे सगळं करूनही टक् राहिलं, तर पोराला सीटवरून उठून उभ्यानं पॅडल मारायला सांगा. उभ्यानं आवाज गेला, तर तो सीटच्या स्प्रिंगचा किंवा सीटच्या नळीचा. नळी काढा, पुसा, पातळ ग्रीस लावून परत घाला. तरीही राहिला, तर दहा फेऱ्यांत किती वेळा वाजलं आणि कुठला पाय खाली असताना वाजलं, ते मोजून मला कळवा.